देव्हाऱ्यातली डॉज

नवमीला सकाळी साडेनऊच्या सुमारास शीलाला पाळंद्यांचा फोन आला. दसरा झाल्यावर येतो म्हणणारे पाळंदे आजच दुपारी तीन वाजता कळंबला येणार होते. त्यांनी जमवलेल्या जुन्या गाड्यांचं दालन उद्या, दसऱ्याच्या मुहूर्तावर, पुण्यात उघडायचं आता अचानक ठरलं होतं आणि शीलानं लिनोच्या, म्हणजे मऊ लादीच्या, ठोकळ्यांवर कोरून कागदावर छापलेल्या दहा गाड्या त्यांना तिथल्या भिंतीवर हव्या होत्या. यात तिला हरकत असायचं काहीच कारण नव्हतं. ठसे केव्हाच काढून, वाळवून, सह्या करून ट्रंकेत ठेवलेले होते. अडचण होती ती पाळंदे शेवटी सहज म्हणून जे बोलले त्यात.

"आणि हो, शीलाताई, डॉजचा ठोकळा काढून ठेवा. तेवढी रेघ मारली की मी निघालो."

ती हो म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. डॉजचा ठोकळा देव्हाऱ्यात होता.

त्यात शीलाची चूक असलीच तर एवढीच, की ठोकळा रॉकेलनं पुसून तिनं पडवीत वाळत ठेवला आणि घटस्थापनेच्या सकाळी ती शाळेत निघून गेली. मंचरला ती चित्रकला शिकवायची. संध्याकाळी परत येऊन बघते तो ठोकळा देव्हाऱ्यात, खंडोबाच्या आणि भैरवनाथाच्या टाकांशेजारी विड्याच्या पानावर बसलेला. त्याला हळद लागली होती, कुंकू लागलं होतं आणि वरून कारळ्याच्या फुलांची माळ आली होती. बोनेटवर कुंकू, टपावर कुंकू, आणि काचेआड चालकाच्या जागी बसलेल्या माणसाच्या कपाळावर तर अगदी नेमानं लावलेलं बोट.

तो माणूस म्हणजे शीलाचे वडील, सावळाराम. चोपन्न सालची काळी डॉज त्यांनी तीस वर्षं चालवली. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या निम्म्या नवऱ्या त्या गाडीतून सासरी गेल्या असतील. गाडी भंगारात गेली त्याला आता आठ वर्षं झाली होती आणि सावळारामांना जाऊन दीड. घरातलं माणूस गेलं की त्याचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवायचा, ही या घराची रीत. पण थोरला जानकू म्हणे टाक कळंबलाच बसेल, आणि धाकटा भागू म्हणे मी वेगळा झालो म्हणून मला काय बाप नाही, टाक भोसरीला येईल. या ओढाताणीत सोनाराच्या दुकानाची पायरी कुणीच चढलं नाही. सुतकाचं वर्ष सरून नवऱ्यावाचून देव बसवायची पहिलीच वेळ आली तेव्हा शीलाच्या आईनं, ठकूबाईंनी, पडवीतून लेकीचा ठोकळा उचलला. त्यांच्या लेखी चांदीच्या पत्र्यावर ठोकलेला नवरा काय आणि लिनोच्या तुकड्यावर कोरलेला नवरा काय, दोन्ही सारखेच होते.

तेव्हा शीला हसली होती. राहू दे नऊ दिवस, दसऱ्याला घट उठले की घेऊ, असं तिनं मनाशी म्हटलं. एकदा देव बसले की घट उठेपर्यंत त्यांना हलवायचं नसतं, त्यांना पाणीसुद्धा घालायचं नसतं, हे तिलाही ठाऊक होतं. ठोकळ्यावर सगळं उलटं असतं, कागदावर उमटलं की ते सुलटं होतं. त्यामुळे देव्हाऱ्यातल्या डॉजचा नंबर उलटा होता आणि सावळाराम भलत्याच बाजूला बसलेले होते. यावर जानकूनं आठ दिवस आईची यथेच्छ चेष्टा केली. उलट्या बापाला नैवेद्यही उलट्या हातानं दाखवतेस का, इथपर्यंत त्याची मजल गेली. ठकूबाई त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हत्या.

आता मात्र हसण्यावारी नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. संचात दहा गाड्या होत्या, प्रत्येकीचे पंचवीस ठसे, आणि सव्विसावा कधीच निघणार नाही असा पाळंद्यांचा लोकांना दिलेला शब्द होता. म्हणून ठसे संपले की ठोकळ्यावर कोरणीनं या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत खोल रेघ मारायची. ऑस्टिन, मॉरिस, लँडमास्टर, हेरल्ड, अशा नऊ ठोकळ्यांवर शीलानं श्रावणातच पाळंद्यांसमोर रेघा मारल्या होत्या. ते झालं मंचरच्या शाळेत, म्हणून घरी कुणाला पत्ता नव्हता. डॉज तेवढी राहिली होती, कारण ती तिनं मुद्दाम सर्वांत शेवटी कोरायला घेतली.

तिनं आधी आशाला गाठलं. आशा जानकूची बायको, घरातली एकुलती एक सून, आणि बोलण्यात जेवढ्यास तेवढी. नणंद-भावजयींचं बारा वर्षांत भांडण असं नव्हतं आणि सख्य असंही नव्हतं. आशानं सगळं ऐकून घेतलं, चुलीपुढची लाकडं मागे ओढली आणि म्हणाली, "वन्सं, आत्याबाईंना नुसता ठोकळा मागा. रेघेचं आत्ताच काढू नका."

शीलानं तसंच केलं. ठकूबाई देव्हाऱ्यासमोर नववी माळ ओवत बसल्या होत्या. घटाभोवतीचं धान वीतभर वाढलं होतं. पुण्याचे पाहुणे येणार आहेत, त्यांना ठोकळा बघायचाय, एवढंच शीलानं सांगितलं.

"देव बसल्यात," ठकूबाई म्हणाल्या. "उद्या घट उठंल. मग बघू देत."

"उद्या त्यांचा कार्यक्रम हाय, आये. आजच येणार हायेत."

"मग हितं येऊन बघू दे. चपला भायेर काढाय सांग."

झालं, विषय मिटला. त्यांनी पुढचं फूल दोऱ्यात घेतलं. शीला अजून तिथंच उभी होती तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली आणि भागू आला.

भागू भोसरीला कंपनीत होता. पाळंद्यांशी ओळख त्याचीच, ताईची चित्रं त्यांच्यापर्यंत नेली ती त्यानंच, आणि त्याचा त्याला सार्थ अभिमान होता. अडचण काय आहे ते कळल्याबरोबर तो थेट आईसमोर जाऊन बसला आणि कंपनीतल्या नव्या पोरांना समजावतात त्या आवाजात समजावू लागला. दहा मिनिटांचं काम आहे, ठोकळा कुठं पळून जाणार नाही, आणि ताईचं नाव उद्या पुण्यात भिंतीवर लागतंय, हे सगळं तो ओळीनं बोलला. इथवर सगळं ठीक चाललं होतं.

"आन् त्यांना काय न्यायचा न्हाई त्यो," भागू म्हणाला. "नुसती एक रेघ मारायची, की झालं."

ठकूबाईंचा हात थांबला. "कसली रेघ?"

शीलानं भावाकडे बघून डोळे मोठे केले, पण भागू रंगात आला होता. कंपनीत एखाद्या मालाचा साचा काम संपलं की मोडून टाकतात, म्हणजे कुणी मागून नकली माल काढू नये, तसंच हे, असं त्यानं खुलासेवार सांगितलं. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, असं हातानं हवेत दाखवलंसुद्धा.

"ह्यांच्या तोंडावरनं?" ठकूबाईंनी विचारलं.

भागूचा हात हवेतच राहिला. आत्ता कुठं त्याच्या ध्यानात आलं. शीलाला खोटं बोलता आलं असतं, रेघ बाजूनं मारते म्हणून. ती म्हणाली, "व्हय. तोंडावरनं जाईल."

ठकूबाईंनी अर्धवट माळ ताटात ठेवली, पदर नीट केला आणि देव्हाऱ्याला पाठ लावून बसल्या. आरडाओरडा नाही की रडणं नाही. त्या रडल्या असत्या तर शीलाला सोपं गेलं असतं.

जानकू शेतातून जेवायला आला. काय झालं ते त्याला आईनं दोन वाक्यांत सांगितलं. कालपर्यंत ज्या ठोकळ्याची त्यानं टर उडवली होती, तोच एका क्षणात त्याचा बाप झाला. हात न धुता तो देवघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसला आणि मी बसलोय तोवर कुणाची आत पाऊल टाकायची छाती आहे ते बघतो, असं त्यानं जाहीर केलं. फोटो भिंतीला असतो, टाक देव्हाऱ्यात असतो, आणि देव्हाऱ्यातल्या माणसाच्या तोंडावर सुरी चालवायची नसते. एवढं साधं मंचरच्या शाळेत शिकवत नाहीत काय, असं त्यानं कुणाकडेही न बघता विचारलं.

आता भागूनं ताईच्या बाजूनं बोलायचं, तर त्याच्या डोक्यात भलतंच शिरलं. टाक, हा शब्द त्यानं बरोबर टिपला. ठोकळा जर टाकच धरायचा असेल, तर मग तो कळंबलाच का, असं त्यानं काढलं. पाळंद्यांना काय सांगायचं ते मी सांगतो, रेघ नको आणि काही नको, दसरा झाला की ठोकळा भोसरीला नेतो. जानकू उंबऱ्यावरून उठलाच. दीड वर्ष मिटवत आणलेलं भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. थोरल्याचा मान, धाकट्याचा वाटा, दुखण्यात कुणी किती जागरणं केली, सगळं निघालं. गंमत म्हणजे मघापर्यंत शीलाच्या बाजूनं असलेला भागू आणि विरुद्ध असलेला जानकू आता एकमेकांवर धावत होते आणि तरीही शीलाविरुद्ध दोघांचं एकमत होतं.

"ज्यानी त्यानी न्यायचं ठरवलंय," आशा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "कोरला कुणी, तिला कुणी इचारलं का?"

बारा वर्षांत आशा असं पुरुषांच्या बोलण्यात कधी पडली नव्हती. जानकूनं तिच्याकडे रोखून बघितलं, पण ती आत गेली नाही. तिथंच दाराला टेकून उभी राहिली. मग त्याचा राग फिरला तो शीलावर.

"कोरला कशापायी त्येबी सांग मग तिला," तो म्हणाला. "मला कळत न्हाई का? आण्णांनी गाडी धाडली न्हाई, त्येचं उट्टं काढायचंय हिला. बारा वर्सं वाट बघितली. जित्यापणी हिंमत झाली न्हाई, आता तोंडावर रेघ मारती."

ही गोष्ट या घरात कुणी काढत नसे.

ब्याण्णव सालची ती गोष्ट. शीलाला मढला दिलेलं होतं. डॉज फुलांनी सजवून सावळारामांनी स्वतः तिला सासरी पोचवलं होतं. दोन वर्षांत नवऱ्याच्या हातचा मार खाऊन तिच्या एका कानाचं ऐकू येणं कमी झालं, तेव्हा तिनं भाजीच्या व्यापाऱ्याबरोबर माहेरी निरोप धाडला: बुधवारी सकाळी फाट्यावर उभी राहते, आण्णांना गाडी घेऊन यायला सांगा. बुधवारी ती उजाडताच घरातून निघाली आणि फाट्यावर उभी राहिली. माळशेजकडून येणाऱ्या आणि जुन्नरकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघत ती दिवस कलेपर्यंत उभी होती. शेवटी मेथीच्या टेम्पोवाल्यानं तिला पुढे बसवून घेतलं, नारायणगावहून एस्टी मिळाली, आणि तिन्हीसांजेला ती कळंबला आली तेव्हा डॉज अंगणात उभी होती. सावळारामांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि ते उठून मळ्यात निघून गेले. गाडी का आली नाही हे तिनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. वरातीची गाडी लेक पोचवून रिकामी परतते, लेकीला घेऊन परतली तर पुन्हा कुणी ती वरातीला नेत नाही, असं गावात म्हणायचे. तेच कारण असणार, हे तिनं आपलं आपणच ठरवलं. पुढे सावळारामांनीच तिला चित्रकलेच्या शिक्षणाला पुण्याला धाडलं, जुन्या बाजारातून लिनोचे तुकडे गोळा करून आणून दिले. ती ते घ्यायची. मनातली गाठ मात्र तशीच राहिली.

जानकूच्या बोलण्याची शीलाला भीती वाटली. नऊ ठोकळ्यांवर रेघ मारताना तिचा हात एकदाही अडखळला नव्हता. तो कामाचा भाग होता, कोरणी धुऊन ठेवण्यासारखा. पण डॉजवर रेघ मारायची म्हटल्यापासून तिचा हात आतल्या आत शिवशिवत होता. ते शिवशिवणं मायेनं आहे की रागानं, हे तिला स्वतःलाच सांगता येत नव्हतं. जानकू दुष्टपणानं बोलला असेल, पण खोटं बोलला असं ती छातीठोकपणे म्हणू शकत नव्हती.

तीनला पाच मिनिटं असताना पाळंदे आले. साठीचा, सडपातळ, मृदू बोलणारा माणूस. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, ओसरीतल्या खुर्चीवर बसले, आणि समोर मांडलेले ठसे एकेक करून बघू लागले. डॉजशी येऊन ते थांबले. काचेआडचा माणूस अंगठ्याच्या नखाएवढा होता, पण त्याची मान, त्याचे खांदे, समोर रस्त्याकडे लागलेली नजर, सगळं होतं. हा सगळ्यांत चांगला, असं ते म्हणाले. मग इकडे तिकडे बघत त्यांनी ठोकळ्याची चौकशी केली.

शीलानं काही लपवलं नाही. ठोकळा कुठं आहे आणि का आहे हे तिनं सरळ सांगून टाकलं. पाळंद्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांना वाईट वाटलं हे दिसत होतं.

"मी जबरदस्ती करणार नाही, बाई. देवाच्या जागेवरून उठवा असं मी कोण सांगणार?" ते म्हणाले. "पण हे पंचवीस संच ज्यांना जायचेत त्यांना मी शब्द दिलाय. एक ठोकळा जरी जिवंत राहिला तरी मला हे नेता येणार नाही. दहाही नाहीत."

दहाही नाहीत म्हणजे काय, हे शीलाला कुणी समजावायला नको होतं. दोन वर्षांचं काम ट्रंकेत परत जाणार. माहेरी परत आलेली सावळारामांची लेक एवढीच तिची या गावात ओळख होती. तिला स्वतःच्या नावानं ओळखलं जाईल अशी उद्याची एकच भिंत होती. तिला ती हवी होती. किती हवी होती हे आत्ता ती हातची निघाल्यावर तिला कळत होतं.

पाळंदे म्हणाले, चहा होईपर्यंत थांबतो. आशा आत वळली, आणि वळता वळता थबकली. देवघरातून ठकूबाईंची हाक आली होती.

"शिले, आत ये. जानकू, तू उठ तिथनं. भायेर पावण्यांजवळ बस."

जानकू कुरकुरत उठला. शीला आत गेली. ठकूबाईंनी तिला समोर बसायची खूण केली. घटाच्या ओल्या मातीचा वास कोंडून राहिला होता.

"जानकू म्हणला त्ये खरं हाय का?" त्यांनी विचारलं. "राग हाय का तुझा त्यांच्यावर?"

"म्हाईत न्हाई, आये."

"न्हाई कसं म्हाईत?"

"त्या दिवशी दिस कलंपातूर उभी व्हते मी. एवढंच म्हाईत हाय."

ठकूबाईंनी मागे वळून ठोकळ्याकडे बघितलं. मग त्या बोलू लागल्या तेव्हा आवाज इतका खाली गेला, की शीलाला चांगला कान पुढे करून ऐकावं लागलं.

"त्ये यायला निघालं व्हतं. पहाटंच उठून गाडी पुसली, पाणी घातलं. किल्ली मी काढून घेतली." त्या थांबल्या. "जानकूच्या लग्नाला आठ दिवस ऱ्हायलं व्हतं. लेक वरातीच्या गाडीत बसून परत आली म्हणल्यावर आशाच्या माणसांनी सोयरीक मोडली असती. लई झटलं त्ये माझ्याशी. यस्टीनं जातो म्हणलं, तर मी दारात आडवी पडले. मग गेलं आन् गाडीत बसलं. किल्ली न्हाई, काय न्हाई. दुपारपातूर नुसतं बसून ऱ्हायलं, हाताखाली चाक धरून. तू कोरलंय तसंच. तुझा ठोकळा बघितला तवा माझ्या जिवाचं पाणी झालं. हिला कुणी सांगितलं, म्हणलं."

शीलानंही ठोकळ्याकडे बघितलं. तिनं मनानंच रेखाटलेला बाप, गाडी चालवत असलेला म्हणून रेखाटलेला, तो कुठंच जात नव्हता.

"मला का न्हाई सांगितलं त्यांनी?"

"माझं नाव घ्यावं लागलं असतं." ठकूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "मी आपणहून सांगंन म्हणून वाट बघितली असंल. मी न्हाई सांगितलं. आज सांगितलं, त्यांच्या तोंडावर रेघ नको म्हणून. राग करायचा तर माझा कर. त्यांचं काय चुकलं न्हाई."

दाराशी भांडं वाजलं. आशा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि ज्या लग्नासाठी हे झालं ते लग्न तिचं होतं. ती ट्रे तसाच घेऊन बाहेर गेली.

शीला रडली. मोठ्यानं नाही, पण आवरलंही नाही. बापाशी दहा वर्षं ती हातचं राखून बोलली होती, शेवटच्या दुखण्यातसुद्धा, आणि त्यानं ते सगळं बायकोच्या नावापायी सोसलं होतं. हे आता कुणाला सांगायचं? देव्हाऱ्यात कुंकू लावून बसलेल्या त्या नखाएवढ्या माणसाला सांगून काय उपयोग? रडून झाल्यावर तिनं उजवा हात मांडीवर उघडून ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. तो शांत होता.

"आये," ती म्हणाली, "तू त्यांना वाचवायला सांगितलंस. पण सकाळपून मला एकच भ्या व्हतं, की रेघ मारताना माझ्या हातात राग असंल. आता न्हाई. आता त्यो माझा ठोकळा हाय, आधीच्या नऊंसारखा. मी रेघ मारू शकते."

जे सांगून नवऱ्याला वाचवायचं ठकूबाईंनी ठरवलं, त्यानंच त्याला लेकीच्या हातात दिलं होतं.

"मी देव्हाऱ्याला हात लावणार न्हाई," शीला पुढे म्हणाली. "तू दिलास तर घेईन. न्हाई दिलास तर पाळंद्यांना परत पाठवते, आन् पुन्हा तुला एका शब्दानं बोलणार न्हाई. त्या दिवशीबी तूच ठरवलंस. आज बी तूच ठरव."

ती उठून बाहेर आली. पेटीतून कोरणी काढली, दगडावर दोनदा घासली आणि ओसरीत चटईवर बसली. भागूनं काय झालं म्हणून विचारलं, तिनं हातानंच थांब म्हणून सांगितलं. पाळंद्यांचा चहा पिऊन झाला. ते उगीच कपबशीच्या कडेवरून बोट फिरवत बसले. जानकू भिंतीला टेकून देवघराच्या दाराकडे बघत होता. आईचा त्याला भरवसा होता.

ठकूबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात ठोकळा होता. त्यावरचं हळद-कुंकू त्यांनी पदरानं पुसून काढलं होतं. पदर लाल-पिवळा झाला होता.

"आये, बसलेला देव हालवलास?" जानकू म्हणाला. त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

"हालवला. काय व्हायचं त्ये मला हुईल," ठकूबाई म्हणाल्या, आणि ठोकळा त्यांनी शीलासमोर चटईवर ठेवला.

शीलानं तो डाव्या हातानं घट्ट धरला. खालच्या कोपऱ्यात कोरणी टेकवली आणि एका दमात पुढे ढकलली. चाक, बोनेट, काच, काचेआडचा माणूस, टप, आणि वरचा कोपरा. लिनोची लांबच लांब साल गोल वळून चटईवर पडली. कुठं थांबली नाही, कुठं वाकडी झाली नाही. पाळंदे वाकून बघत होते. त्यांनी मान हलवली आणि ते दुसरीकडे बघू लागले.

"साधलं एकदाचं मनातलं," जानकू म्हणाला.

शीलानं कोरणी खाली ठेवली. ठकूबाई अजून उभ्याच होत्या. पाहुण्यांसमोर, दोन्ही मुलांसमोर, चहाचे कप गोळा करणाऱ्या सुनेसमोर त्या म्हणाल्या, "तिचं काय साधलं न्हाई. त्या दिवशी तुझा बाप निघाला व्हता. गाडी मी अडवली, तुझ्या लग्नापायी. पुन्हा तिला बोललास तर माझ्याशी गाठ हाय."

जानकूनं आशाकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघायला तयार नव्हती. तो चप्पल पायात सरकवून अंगणात गेला आणि तिथंच उभा राहिला. भागूनं, काहीतरी करायला हवं म्हणून, ट्रंक उचलून पाळंद्यांच्या गाडीकडे नेली. पाळंद्यांनी शीलाला हात जोडले, ठकूबाईंना वाकून नमस्कार केला, उद्या सकाळी दहाला या, गाडी पाठवतो, असं सांगितलं आणि ते गेले.

शीला चटईवर पडलेली साल गोळा करत होती. ठकूबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी आधी तिच्या पाठीवर हात ठेवायला नेला, मग तो मागे घेतला.

"सकाळपून उपाशी हायेस, शिले," त्या म्हणाल्या. "भाकर वाढते तुला."

शीलानं वर बघितलं. आवाज चढवावा असं तिला काही वाटत नव्हतं. बापाचा हिशोब तिनं मघाशीच मिटवला होता. आईचा आज कुठं उघडला होता.

"तू बस, आये," ती म्हणाली. "मला वहिनी वाढंल."

ठकूबाईंनी मान हलवली आणि त्या तिथंच बसून राहिल्या. आत आशानं ताट घेतलं.